उत्तराआधीच्या पायऱ्या

दहावीला गणितात मी तीन गुणांनी नापास झाले, आणि त्या तीनपैकी निदान दोन तरी मी समजून-उमजून घालवले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. प्रश्न असा होता: एक मनुष्य टेकडीच्या उतारावर तेरा मीटर चालला आणि पायथ्यापासून पाच मीटर उंचीवर पोहोचला, तर त्याने कापलेले आडवे अंतर किती? मी लिहिलं, तेरा मीटर. तपासणाऱ्याच्या मनात शंका राहू नये म्हणून पुढे एक ओळही जोडली: आडवे म्हणा की उभे, माणसाच्या पायांना तेराच मीटर पडणार. तपासणाऱ्याला माझं म्हणणं पटलेलं दिसत नाही.

पण माझं तरी काय चुकत होतं? आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पोटात. वाडीत सपाट जागा दोनच, एक देवळापुढचं अंगण आणि दुसरं भात झोडायचं खळं. बाकी सगळं एक तर चढ नाहीतर उतार. शाळेला जाताना तासभर उतरायचं आणि येताना दीड तास चढायचं, त्यामुळे आमच्याकडे एकाच वाटेचं अंतर जाताना वेगळं आणि येताना वेगळं असे. "पाणवठा जाताना हा हितं हाय, येताना मात्र लांब पडतो," असं आई म्हणे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला डोंगराच्या पोटातून सुतासारखं आरपार गेलेलं अंतर विचारायचं म्हणजे तिची थट्टा करण्यासारखंच होतं. ते अंतर कुणी चालत नाही. मग मोजायचं कशाला?

दुसरं दुखणं याहून मोठं होतं. मला उत्तरं येत, पायऱ्या येत नसत. हे मी आईकडून उचललं. आईला अक्षरओळख नव्हती, पण लावणीला किती बाया लागतील, त्यांना किती भाकऱ्या, त्या भाकऱ्यांना किती नाचणी, हे ती चुलीत फुंकर मारता मारता सांगायची आणि ते चुकायचं नाही. कसं काढलंस म्हणून विचारलं की एकच उत्तर, "आलं." मलाही तसंच यायचं. बापाचं वय मुलाच्या चौपट, वीस वर्षांनी दुप्पट, तर आजची वयं किती? मी दोन-चार आकडे मनात लावून बघे आणि लिहून मोकळी होई, दहा आणि चाळीस. गणिताचे सर वही हातात धरून म्हणायचे, "शेवंता, उत्तर बरोबर आहे गं, पण तू इथवर आलीस कशी? उडत?" ते फळ्यावर लिहीत, समजा मुलाचे वय क्ष. आणि तिथेच माझं डोकं अडून बसे. जे माहीत नाही ते आधीच मांडायचं, त्यात वीस मिळवायचे, त्याला दोनाने गुणायचं, आणि शेवटी साळसूदपणे म्हणायचं की बघा, सापडलं! मला ती चक्क लबाडी वाटायची.

नापास झाल्याचं दुःख वाडीत फारसं कुणाला झालं नाही. उलट एक अडचण सुटल्यासारखं झालं. आमच्या वाडीची मुंबईत एक खोली होती, गावकीची. कामाला गेलेले आमचे सगळे पुरुष तिथेच राहत, कुणी दिवसपाळीला, कुणी रात्रपाळीला. बाबा आणि दादाही तिथेच. त्या सगळ्यांचं जेवण वाडीतलेच एक म्हातारे करायचे, सगळे त्यांना सखाआजा म्हणत. सखाआज्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं आणि ते गावी परत आले. तेव्हापासून खोलीतली चूल बंद होती आणि माणसं बाहेरचं खाऊन पोटं बिघडवून घेत होती. माझा निकाल कळल्यावर आठ दिवसांत दादाचं पत्र आलं. शेवंताला पाठव. पोटमाळ्यावर तिची झोपायची सोय करतो. बाबा हायतच.

दादाला दोष देत नाही. खोलीतली माणसं माझी काका-मामाच होती, आणि पोरगी रिकामी आहे तर आपल्या माणसांना शिजवून घालील, यात त्याला वाईट काय दिसणार? पण मला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं होतं. पोलादपूरच्या दवाखान्यातल्या सिस्टर आमच्या वाडीवर पायी येत, आणि त्यांच्या हातातली ती पेटी, ती मला माझ्या हातात हवी होती. त्यासाठी दहावी पास पाहिजे. खोलीत एकदा भाताचं पातेलं हातात घेतलं की ते परत खाली ठेवता येणार नाही, एवढं मला सोळाव्या वर्षीही कळत होतं. आईनं महाडला आत्याला निरोप धाडला.

आत्या दुसऱ्या दिवशी हजर. ओटीवर टेकायच्या आधीच तिनं निकाल दिला. "ऑक्टोबरची परीक्षा असते ना गो नापासांची? मग तंवर माज्याकडं ऱ्हाईल. पास झाली तं शिकेल, नाय झाली तं जाऊ दे मुंबयला, मी मदी पडणार नाय." दादाला तसं कळवलं. त्याचंही उत्तर आलं, ठीक हाय, ऑक्टोबरचा निकाल लागेपर्यंत थांबतो. अशा रीतीनं एका विषयावर माझं सगळं येऊन ठेपलं, आणि तोही नेमका गणित.

आत्याचं घर महाडात, चवदार तळ्याच्या अलीकडच्या आळीत. आत्याच्या नवऱ्याला आमच्यात मामा म्हणतात. हे मामा सुतार होते. मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात हात बसवून ते परत आले होते आणि घराच्या पुढच्या पडवीत त्यांनी काम मांडलं होतं. दिवसभर रंध्याची सरसर, मधेच करवत, मधेच पटाशीवर हातोडीचे ठोके. आईनाचं लाकूड कापलं की एक वास, सागवानाचं कापलं की दुसरा. आठवड्याभरात मी आतल्या खोलीत बसून सांगू शकत होते आज काय चाललंय ते. आत्याच्या भाताला, कुळथाच्या पिठीला, सगळ्यालाच थोडी थोडी भुशाची चव होती. सावित्री नदीचं पाणी आळीच्या तोंडाशी आलं की आम्ही तिघं मिळून फळ्या माळ्यावर चढवायचो आणि पाणी उतरलं की उतरवायचो. त्या पावसात हे तीनदा झालं. मी पुस्तक उघडून बसे. सोडवलेली उदाहरणं वाचली की सगळं कळल्यासारखं वाटे, आणि पुस्तक मिटून कोरा कागद घेतला की उत्तर तेवढं येई. श्रावण असाच गेला. मला मनातून मुंबईची खोली दिसायला लागली होती.

आणि मग एक दिवस घरोघरची माणसं लिहून घेणारा माणूस आला. तो नगरपालिकेचा होता की रेशनचा, ते आता आठवत नाही. छत्री मिटून ओटीवर बसला, मांडीवर मोठं बाड उघडलं. मामा लाकूड बघायला वीर गावाकडे गेले होते. आत्या दारात, मी तिच्या मागे वही घेऊन.

"घरच्या मालकाचं नाव?"

"ते भायेर गेलेत," आत्या म्हणाली.

"असूदेत बाहेर. नाव सांगा."

आत्यानं पदर सावरला. "नाव मी कसं घेनार?"

त्याला ही गोष्ट नवी नसावी. तो माझ्याकडे वळला. "तू सांग मग." मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मलाही ठाऊक नव्हतं! जन्मापासून मी त्यांना मामा म्हणत होते, आळीत सगळे मिस्त्री म्हणत होते. आत्या तर दिवसभर त्यांच्याविषयीच बोलायची, ह्यांना भाकर कडक लागते, ते आलं की पाणी ठेव, आमच्या घरातल्यांचा गुडघा दुखतोय. पण नाव म्हणून कधी कानावर पडलं नव्हतं.

"लक्षुमनासाठी डोंगर उचलून आणला ना," आत्या जमिनीकडे बघत म्हणाली, "त्याचं नाव."

"मारुती?"

"तो देवळातला. त्याचंच दुसरं."

"बजरंग?"

"बजरंग माजा दीर."

"मग हनुमंत." आत्यानं पदर तोंडाला लावला, आणि तो माणूस लिहायला लागला. मग त्यानं वय विचारलं, आणि खरी पंचाईत तिथे झाली.

आत्याला स्वतःचं वय माहीत नव्हतं आणि मामांचंही नाही. पण तिला इतर सगळं माहीत होतं. ते तिच्याहून आठांनी मोठे, कारण तिच्या थोरल्या भावाच्या जोडीचे. लग्नात तिचे वडील मांडवात सगळ्यांना सांगत होते, नवरा पोरीच्या दीडपट हाय, पण कामाला चांगला हाय. आणि लग्नाला यंदा सत्तावीस वर्षं झाली. "आता तुमीच काय ते काढा," म्हणून ती मोकळी झाली.

"सोळा आणि चोवीस," मी मागून म्हणाले. "लग्नात. म्हणजे आज त्रेचाळीस आणि एक्कावन्न."

त्या माणसानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अंदाजानं नको, बाळ. मला उद्या वर कुणी विचारलं तर मी काय सांगू? एक पोरगी बोलली म्हणून?"

मला राग आला. अंदाज! माझ्या आईचा अंदाज उभ्या जन्मात चुकला नव्हता. मी वही त्याच्यासमोर टाकली आणि त्याला दाखवून द्यायचं म्हणून लिहायला लागले. समजा, लग्नाच्या वेळी आत्याचं वय क्ष. मामा आठांनी मोठे, म्हणून त्यांचं वय क्ष अधिक आठ. पण आत्याचे वडील, म्हणजे आमचे आबा, म्हणाले होते दीडपट, म्हणजे त्यांचं वय क्षची दीडपटही झालं. माणूस एकच, तेव्हा ही दोन्ही सारखी. आत्या माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण मी प्रत्येक ओळ तोंडानं म्हणत होते.

"हा क्ष कोन गो?"

"तूच. तुझं वय."

"मग आकडा का नाय लिवत?"

"अजून माहीत नाही ना. माहीत नाही तोवर क्ष म्हणायचं, आणि त्याच्याबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं सांगून टाकायचं."

आत्यानं त्या अक्षरावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे नाव न घेता सगळं बोलायचं. तसं तं मी सत्तावीस वर्सं करतेय."

माझा हात थांबला. हसू आलं, आणि हसता हसता डोक्यातली गाठ सुटली. सरांनी वर्षभर फळ्यावर जे शंभरदा लिहिलं होतं ते आत्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. क्ष मांडण्यात लबाडी कुठे होती? आत्याच्या बोलण्यात तरी कुठे असायची? कुणाबद्दल बोलतोय हे तिला पक्कं ठाऊक असे, ऐकणाऱ्यालाही पुढेमागे कळे, फक्त नाव शेवटपर्यंत यायचं नाही. मी उरलेलं भराभर लिहिलं. दोन्हीकडे दुप्पट केली, दोन क्ष अधिक सोळा बरोबर तीन क्ष. दोन्हीकडचे दोन दोन क्ष काढून टाकले. राहिला एक, आणि तो सोळा. मग ताळाही केला, सोळात आठ मिळवले तर चोवीस, सोळाची दीडपट चोवीस. त्या माणसानं एकेक ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि बाडात लिहिलं, त्रेचाळीस आणि एक्कावन्न. "आता कसं," म्हणाला. त्या दोन शब्दांनी मला जेवढं बरं वाटलं तेवढं पुढे नोकरीतल्या कुठल्याही शाबासकीनं वाटलं नाही.

संध्याकाळी मामा आले आणि त्यांना त्यांचं वय सांगण्यात आलं. "एक्कावन?" ते म्हणाले. "मी तं पन्नास धरून चाललेलो." आत्यानं सगळी हकीकत सांगितली, नावाचं तेवढं गाळून. मामांनी माझी वही मागून घेतली. ते चौथी शिकलेले. त्यांनी सगळ्या ओळी सावकाश वाचल्या आणि विचारलं, "एवढं बराबर येतंय तं नापास कशी झालीस?" मी तेरा मीटरची गोष्ट सांगितली. मामा एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मी फुगले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पडवीत बोलावलं. तीन पातळ पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, बारा इंचाची, पाच इंचाची, तेरा इंचाची. बाराची आडवी ठेवली, तिच्या टोकाला पाचाची उभी केली आणि कोपऱ्यात गुण्या लावून दाखवला. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. तेराची पट्टी तिरपी टेकवली, ती दोन्ही टोकांना अचूक बसली. "हे काय झालं?" मी म्हटलं, त्रिकोण. "त्रिकोण तुज्या पुस्तकात. हितं छप्पर झालं. ही वरची पट्टी म्हंजे वासा. त्यावरून मुंगी निघाली. किती चालेल?"

"तेरा."

"आनि छपराखाली जो माणूस ऱ्हातो, तो ह्या भिंतीपास्नं मधल्या खांबापर्यंत किती चालेल?"

"बारा," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

"बराबर. तुमची वाडी हाय छपरावर. प्रश्न काढनारा ऱ्हातो खाली." त्यांनी गुण्या परत खिळ्याला अडकवला. मग मला बाराचा आणि पाचाचा वर्ग मांडून त्यांची बेरीज करायला लावली, आणि ती तेराच्या वर्गाइतकी आली तेव्हा तेच माझ्याहून जास्त खूश झाले. एवढी वर्षं वासे कापले, पण ह्याची बेरीज कधी मांडली नव्हती, म्हणाले. त्यानंतर रोज संध्याकाळी मी एक उदाहरण ओट्यावर बसून मोठ्यानं सोडवायची. आत्या तांदूळ निवडता निवडता ऐके आणि मी एखादी ओळ गाळली की तिला बरोबर समजे. "मदीच कशी गेलीस तिकडं? आदी काय ते सांग." तिला बीजगणित कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण गोष्टीतलं काहीतरी सुटलंय हे तिला कळायचं, आणि मला तेवढंच हवं होतं.

हल्ली माझी नात गणिताचा फोटो काढते आणि फोन तिला पायऱ्यांसकट उत्तर देतो. मी तिला काही बोलत नाही. एकदा फक्त म्हटलं, यातली तिसरी ओळ कुठून आली ते मला सांग. ती म्हणाली, "आली." माझ्या आईचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

परीक्षेचं केंद्र महाडातच होतं. वाडीत भातकापणी जोरात आली होती आणि आई एकटी शेतात, हे डोक्यात घेऊनच मी पेपरला बसले. प्रश्नपत्रिका वाचताना पहिल्या दोन उदाहरणांची उत्तरं सवयीनं मनात येऊन उभी राहिली. दहा मीटरची शिडी, भिंतीवर आठ मीटरवर टेकलेली, शिडीचा पाय भिंतीपासून किती दूर? सहा. हात शिवशिवला. पण मी सहाला बाहेर उभं केलं आणि आधी आकृती काढली, समजा अंतर क्ष, मग वर्ग, मग वजाबाकी, आणि सगळ्यात शेवटी सहाला आत घेतलं. प्रत्येक उदाहरण असं शेवटापर्यंत, ताळ्यासकट. याचा व्हायचा तो परिणाम झाला. वेळ संपत आला तेव्हा एक मोठं उदाहरण शिल्लक होतं. मी ते मांडलं, समीकरण केलं, कंस सोडवले, आणि घंटा झाली. उत्तर राहून गेलं. मार्चमध्ये मी पायऱ्यांशिवाय उत्तर लिहून आले होते आणि आता उत्तराशिवाय पायऱ्या लिहून आले. घरी येऊन आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आत्या म्हणाली, "चार पायऱ्या चढलीस ना? मग त्या चारांचं तरी देतील का नाय?" मला ते मुळीच पटलं नाही.

मधले दिवस मी वाडीला काढले. भात झोडलं, पेंढा रचला, आईनं ओल्या भाताच्या लाह्या केल्या. निकालाच्या तारखेची आठवण आम्ही दोघींनी एकमेकींना करून दिली नाही. थंडी पडली आणि आत्याचा निरोप आला, ये. दादाही त्याच सकाळी मुंबईच्या एसटीनं महाडला उतरला होता. दोन दिवसांची रजा टाकून, माझ्यासाठी एक पत्र्याची नवी पेटी घेऊन. ती पेटी ओटीवर बघितली आणि मला मुंबईला न्यायची तयारी त्यानं करून आणलीय हे कळलं. तो माझ्याबरोबर पोलादपूरला माझ्या शाळेत आला. कारकुनानं कागद माझ्या हातात दिला आणि मला तो वाचवेना, म्हणून दादानं वाचला. गणितात अठ्ठेचाळीस. पासाला लागत होते पस्तीस. "शेवंते, पास हायस गो," दादा म्हणाला, आणि मी शाळेच्या पायरीवरच बसले. गणिताचे सर बाहेर आले, कागद बघितला. मी त्यांना त्या अर्ध्या राहिलेल्या उदाहरणाचं सांगितलं. ते म्हणाले, "अगं वेडे, पायऱ्यांना गुण असतात. वर्षभर काय सांगत होतो मी?"

घरी आत्यानं शिरा केला. मामांनी रंधा खाली ठेवून दोनदा "बराबर" म्हटलं. दादानं शिरा खाल्ला, खूप खाल्ला, आणि बशी खाली ठेवली. त्याचे गाल आत गेले होते, ते मला तेव्हा दिसले. "मी खूश हाय," तो म्हणाला, "खोटं नाय बोलत. पण मग खोलीत शिजवायचं कोनी? बाबांचं पोट दुकतं रोज. त्यांना मी जाऊन काय सांगू?" अजून त्यानं एकदा म्हटलं असतं तर मी पेटी भरायला घेतली असती, हे मी आज लिहिते आहे ते खरं आहे.

"का रे," आत्या म्हणाली, "तुमाला हात नायत?"

"हात हायत गो. येत नाय. एकदा केला तं खाली करपला, वर कच्चा. आनि मानसं रोज कमीजास्त. कधी सहा, कधी अकरा. सखाआजा कसा काढायचा माप, ते त्यालाच ठाऊक."

मी आत गेले आणि वही घेऊन आले. आईच्या हातानं भात कसा होतो ते मी जन्मभर बघत होते, पण लिहायला बसले तेव्हा कळलं की त्यातलं निम्मं "आलं" या एका शब्दात जातं. तेव्हा मी प्रत्येक गोष्ट वेगळी केली. पहिली ओळ: समजा, आज जेवायला माणसं क्ष. रोज संध्याकाळी मोजायची. दुसरी: माणशी तांदूळ तीन मुठी. तिसरी: कुणी अचानक आलं तर म्हणून आई एक मूठ वर टाकते, ती टाकायची. म्हणून एकूण मुठी, तीन क्ष अधिक एक. चौथी: तांदूळ धुऊन पातेल्यात सपाट करायचे आणि वर बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी, माणसं कितीही असोत, पेर एकच. मग जाळ कधी मोठा, कधी बारीक, झाकण कधी, आणि कधी हात लावायचा नाही. डाळ दुसऱ्या पानावर. आत्या ऐकत होती आणि मी मीठ गाळलं तेव्हा तिनं मला थांबवलं. दादानं पान हातात घेऊन दोनदा वाचलं. "सहा असली तं एकोनीस मुठी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं हो. त्यानं कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली, पेटी माझ्याकडेच राहू दिली आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं तो गेला.

मी आत्याकडेच राहून अलिबागला ट्रेनिंगला जायची तयारी करत होते, पण तयारीत जीव नव्हता. रोज पोस्टमनची वाट बघे. दादा लिहील की जमत नाही, निघून ये, याची मला खात्रीच होती, आणि तसं त्यानं लिहिलं असतं तर मी गेले असते. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर दादाचं नव्हतं. मोठी मोठी, वर-खाली गेलेली अक्षरं, शाई दोन ठिकाणी फुटलेली, खाली बाबांचं नाव. बाबांना लिहिता येतं हेच मला माहीत नव्हतं. दुसरीतून शाळा सुटली ती सुटली, आजवरची सगळी पत्रं त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली होती. मी ते आत्याला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले आणि मधेच थांबले, कारण पुढचं दिसेना. आत्या विचारत राहिली, काय गो, काय लिवलंय? कार्डावर मजकूर एवढाच होता:

माणसं नव. मुठी अठावीस. भात झाला. मीच केला. तू येऊ नको.